कुलाबा संस्थानाचा ‘उपेक्षित’ इतिहास व हल्लींचें श्राव्य कथन

अलीकडे इतिहासकथनाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यास पॉडकास्ट म्हणतात. सांगणारा एका खोलींत बसून बोलतो, तें बोलणें यंत्रांत सांठविलें जातें, आणि ऐकणारा तें आपल्या सवडीनें, बहुधा प्रवासांत किंवा हातीं दुसरें काम असतांना ऐकतो. ह्या मालिकांचीं नांवें पाहिलीं म्हणजे एक शब्द वारंवार आढळतो; तो म्हणजे ‘उपेक्षित’. अमुक प्रांताचा उपेक्षित इतिहास, तमुक संस्थानाचा विस्मृत इतिहास, असें म्हणण्याची चालच पडली आहे. उपेक्षा कोणीं केली, केव्हांपासून केली, व उपेक्षित भाग नेमका कोणता, हें मात्र क्वचितच सांगितलेलें असतें. ह्या कथनप्रकाराचें परीक्षण एका संस्थानाच्या निमित्तानें येथें करावयाचें आहे. तें संस्थान म्हणजे अलिबागकर आंग्र्यांचें कुलाबा. आणि कसोटीसाठीं घ्यावयाचा गांव म्हणजे पेण व रोहें ह्या टापूंतील गागोदें बुद्रुक.

गागोदें हें नांव मराठी वाचकास एकाच कारणानें ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, यांचा जन्म येथें झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते बडोद्यास गेले, आणि पुढील चरित्र साबरमतीस, पवनारास, पोचमपल्लीस व अखेर साऱ्या देशाच्या पायवाटांवर घडलें. कोणी निवेदक ह्या गांवीं आलाच तर जन्मस्थानाचा उल्लेख करून पुढें जाईल. कुलाब्याची मालिका करणारा तर येथें येण्याचें कांहींच कारण नाहीं. गांव समुद्रकांठचा नव्हे, आणि आरमाराच्या कोणत्याहि प्रसिद्ध लढाईशीं त्याचें नांव जोडलेलें नाहीं. नेमक्या ह्याच कारणास्तव तो आम्हांस कसोटीस योग्य वाटतो. जो इतिहास संस्थानाचा म्हणून सांगितला जातो तो किनाऱ्यापासून आंत किती कोस येतो, हें पाहण्यास असाच गांव हवा.

ह्या टापूचा सन १८१८ नंतरचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. पेशवाई बुडाली तेव्हां सांकशीचा, म्हणजे पेणकडील, मुलूख कंपनी सरकारकडे गेला. पश्चिमेस अलिबागेस आंग्र्यांचें राज्य चालू होतें. पूर्वेस पाली व सुधागड भोरच्या पंतसचिवांकडे होतीं. दक्षिणेस सिद्दीचें हबसाण. म्हणजे थोड्या कोसांच्या वर्तुळांत चार निरनिराळ्या कचेऱ्या, चार वसुलीच्या रीती व चार दप्तरें नांदत होतीं. आंग्र्यांचें राज्य १८४० सालीं खालसा झालें; कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ त बनला; भोर व जंजिरा हीं संस्थानें १९४८ त विलीन झालीं; आणि १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. ‘ह्या राज्याचा इतिहास’ असें एकवचनीं शीर्षक घेऊन जो निवेदक निघतो त्यास गागोद्याच्या परिसरांत पहिलाच प्रश्न पडावा तो हा, कीं कोणत्या राज्याचा? हा प्रश्न ज्यास पडत नाहीं त्याची दृष्टि समुद्रावर खिळली आहे असें खुशाल समजावें.

आतां ‘उपेक्षित’ ह्या शब्दाकडे वळूं. आंग्र्यांविषयीं लिहिलें गेलें नाहीं असें म्हणण्यास बिलकुल जागा नाहीं. क्लेमेंट डाउनिंग ह्या इंग्रज खलाशाचें पुस्तक कान्होजीच्या मृत्यूनंतर आठच वर्षांनीं, १७३७ त, छापून निघालें. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड, जो कुलाबा व जंजिरा यांस वाहिलेला आहे, तो १८८३ चा. बिडल्फचें मलबारच्या चाच्यांवरील पुस्तक १९०७ चें. पेशवे दप्तराचे ४५ खंड सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून पुढें चारपांच वर्षांत निघाले, आणि त्यांत आंग्र्यांसंबंधीं पत्रें विपुल आहेत. दा. गो. ढबू यांनीं लिहिलेला आंग्रे घराण्याचा इतिहास १९३९ त प्रसिद्ध झाला. सुरेन्द्रनाथ सेनांचा कान्होजीच्या पूर्वचरित्रावरील निबंध १९४१ त कलकत्त्याहून निघाला. मनोहर माळगांवकरांचें इंग्रजी चरित्र १९५९ चें. ह्याखेरीज ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहाराच्या निमित्तानें पारसनीस व राजवाडे यांनीं छापलेले कागद आहेत, आणि गोव्याच्या दप्तरांतून पिसुर्लेकरांनीं बाहेर काढलेली पोर्तुगीज सामग्री आहे. दोनअडीचशें वर्षें ज्यावर छापखाने चालले तो विषय उपेक्षित कसा? पुस्तकें वाचलीं गेलीं नाहींत हें खरें. पण त्या दोषाचें खापर इतिहासकारांच्या माथीं फोडून स्वतः पहिला शोधक म्हणून पुढें येणें हा सभ्यपणा नव्हे.

उपेक्षा झाली आहे ती एका भागाची, आणि तिच्यांत हे नवे निवेदकहि सामील आहेत. कान्होजी १६९८ च्या सुमारास आरमाराचा मुख्य झाला. तेथून १८४० पर्यंत १४२ वर्षें होतात. श्राव्य कथनाची रूढ वाट मात्र ठरलेली असते: १७१३-१४ चा बाळाजी विश्वनाथाशीं झालेला तह, १७२१ ची इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त स्वारी व तिची फजिती, १७२९ त कान्होजीचा मृत्यु, मुलांमधील तंटा, आणि १७५६ त विजयदुर्गाचा पाडाव होऊन तुळाजी कैद. येथें ‘आंग्र्यांच्या सत्तेचा अस्त’ जाहीर होतो व वाद्यें वाजतात. श्रोता असें समजून उठतो कीं ह्यापुढें आंग्रे नव्हतेच. वस्तुतः तुळाजी विजयदुर्गाचा. अलिबागची शाखा त्यानंतर ८४ वर्षें राज्य करीत होती. निम्म्याहून अधिक काळ गाळून जो सांगितला तो संस्थानाचा इतिहास नव्हे.

पहिल्या अर्धाच्या कथनांतहि एक खोड आहे. बिडल्फादि लेखकांनीं कान्होजीस चाचा ठरविलें. हल्लींचे निवेदक त्यास निष्कलंक देशभक्त दर्यावीर ठरवितात. विशेषण बदललें, सांचा तोच राहिला. खरा वाद दस्तकाचा होता. आपल्या पाण्यांतून जाणाऱ्या गलबतानें आपला परवाना घ्यावा, न घेतल्यास तें जप्त व्हावें, हा हक्क पोर्तुगीज आपल्या कार्ताझच्या जोरावर दोनशें वर्षें बजावीत होते. कान्होजीनें तोच हक्क छत्रपतींचा सरखेल म्हणून सांगितला. इंग्रजांस तो मान्य नव्हता, म्हणून ते त्यास चोर म्हणत. समुद्रावर सार्वभौमत्व कोणाचें, हा कायद्याचा व सत्तेचा प्रश्न आहे. आणि तो समजावून देण्यास अर्धी घटिका पुरते. पण तोफांचे आवाज घालावयाचे असल्यामुळें तेवढा अवकाश सांपडत नसावा. १७२१ च्या प्रसंगींहि तसेंच. किल्ल्याच्या तटाइतकाच घांटावरून उतरलेल्या मराठी फौजेचा धाक शत्रूस होता, आणि पोर्तुगीजांनीं बाजीरावाशीं स्वतंत्र तह करून अंग काढून घेतलें. ही जमिनीवरील बाजू सांगितली तर आरमाराचें तेज कमी होतें असें वाटण्याचें कारण नाहीं.

आतां गाळलेला भाग पाहूं. १७५९ नंतर पहिल्या रघूजीचा दीर्घ अंमल झाला. १७७१ त जेम्स फॉर्ब्स अलिबागेस येऊन गेला. त्याच्या आठवणी छापल्या आहेत. कुलाब्याच्या किल्ल्यांतील गणपतीचें देऊळ याच रघूजीच्या वेळचें. १७९३ त तो वारल्यावर घरांत जो कलह माजला, त्यांत शिंद्यांच्या आश्रयानें बाबूराव आंग्रे यानें गादी बळकाविली. एका लहानशा किनारी राज्याचें भवितव्य ग्वाल्हेरच्या दरबारांत कसें ठरत होतें हें त्यावरून दिसतें. १८१७ नंतर दुसरा रघूजी. १८२२ च्या तहानें त्यानें कंपनीचें वरिष्ठत्व कबूल केलें. १८३८ त तो वारला. मागाहून जन्मलेला मुलगाहि, ज्याचें नांव मूळ पुरुषावरून कान्होजीच ठेविलें होतें, लौकरच गेला. दत्तकाची परवानगी मिळाली नाहीं, आणि १८४० त राज्य खालसा झालें.

ह्या सनाचें महत्त्व कथनकारांनीं ओळखलेलें नाहीं, आणि आमच्या मतें सबंध विषयाचा गाभा येथेंच आहे. दत्तक नामंजूर करून संस्थानें खालसा करण्याचें धोरण म्हटलें कीं शाळकरी पोरहि डलहौसीचें नांव घेतें आणि पहिलें उदाहरण म्हणून सातारा सांगतें. डलहौसी हिंदुस्थानांत आला तो जानेवारी १८४८ त. सातारा खालसा झाला तोहि त्याच सालीं. कुलाबा त्याच्या आठ वर्षें आधींचा. त्या वेळीं गव्हर्नर-जनरल ऑकलंड होता. पुढल्याच वर्षीं, १८४१ त, विलायतेंतील संचालकांनीं न्याय्य वाटेनें हातीं येणारा मुलूख सोडूं नये असा दंडक घालून दिला. म्हणजे साताऱ्यास, नागपुरास व झांशीस जें शस्त्र चाललें त्याची धार अलिबागेस लागली होती. कुलाब्याचा इतिहास सबंध हिंदुस्थानच्या इतिहासांत जेथें खरोखर कांहीं भर घालतो, ती जागा ही. ती १७२१ च्या लढाईंत नाहीं. आणि तीच सांगावयाची राहते. कारण येथें तोफ उडत नाहीं, फक्त एक अर्ज नामंजूर होतो.

गागोद्याच्या कसोटीवर दुसरी उणीव दिसते ती जमिनीची. पेण-अलिबागकडील खाजणांत समुद्राचें पाणी बांधानें अडवून भातशेती करण्याची जुनी वहिवाट आहे. बांध घालणारा व राखणारा तो शिलोत्रीदार. त्याच्या बांधाआड पिकणाऱ्या भातांत त्याचा हिस्सा. एका उधाणानें बांध फुटला तर शेत कित्येक वर्षें खारें राहतें, म्हणून बांध कोणीं दुरुस्त करावा हा ह्या प्रांताचा सनातन तंटा होय. आरमाराच्या खलाशांना पोसणारें भात ह्याच बांधांमागून व आंतल्या डोंगरपट्टीच्या गांवांतून आलें. खोतीची कथाहि तशीच. अलिबाग तालुक्यांतील चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं खोतांच्या खंडाविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीत ठेविल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. आणि १९३७ त डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें. सहा वर्षें चाललेल्या ह्या संपाचीं मुळें जुन्या राज्यांच्या वसुलींत कितपत जातात, हा संशोधनाचा विषय आहे. एखाद्या श्राव्यमालिकेनें हा प्रश्न नुसता विचारला असता तरी ‘उपेक्षित’ हें विशेषण तिनें कमावलें असें आम्हीं म्हटलें असतें. विनोबांचें भूदान जमिनीच्याच प्रश्नावर उभें होतें. त्यांच्या जन्मगांवीं उभें राहून हा धागा दिसूं नये याचें नवल वाटतें.

येथवर वस्तूविषयीं झालें. रूपाविषयीं बोलतां, इतिहास कानानें ऐकण्यांत नवें असें कांहीं नाहीं. पोवाडा ऐकण्यासाठींच रचला गेला. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ त पोवाडे छापले ते शाहिरांच्या तोंडून मिळवून. बखरहि पुष्कळ अंशीं सांगण्याच्या थाटाची आहे. तेव्हां ‘कानाचा इतिहास तो हलका’ असें म्हणून नाक मुरडणाऱ्या कागदपंथीयांशीं आमचें जमत नाहीं. परंतु राजवाड्यांनीं १८९८ त आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस जे प्रश्न विचारले तेच ह्या नव्या बखरींस विचारले पाहिजेत: हें कोणीं सांगितलें, घडल्यानंतर किती वर्षांनीं सांगितलें, आणि सांगणारास तें कोठून कळलें? विल्यम डॅलरिंपल व अनिता आनंद यांची ‘एम्पायर’ ही २०२२ त सुरू झालेली इंग्रजी मालिका हिंदुस्थानांतील इंग्रजी सत्तेपासूनच आरंभली. तिच्याविषयीं मतभेद असोत. तिच्यांत त्या त्या विषयावर ग्रंथ लिहिणारासच वारंवार पाहुणा म्हणून बोलावितात, त्यामुळें ऐकणारास निदान ग्रंथाचें नांव तरी कळतें. ज्यास पुढें वाचावयाचें आहे त्यास दार उघडें राहतें. मराठींत ही चाल सार्वत्रिक होणें अवश्य आहे.

‘ऐकतांना तारखा व आधार कंटाळा आणतात’ ही सबब आम्हांस पटत नाहीं. आपल्या जुन्या पत्रांची मिति मुळीं शब्दांत असते. ‘सुहूर सन अर्बा अशरीन मया व अलफ’ असें पत्रावर आहे तें मोठ्यानें वाचून पहावें. तें कानासच अधिक गोड लागतें. निवेदकानें इतकेंच सांगावें कीं हे अरबी अंक अकराशें चोवीस होतात, त्यांत पांचशें नव्याण्णव मिळविले म्हणजे १७२३ निघतो, वर्ष मृगापासून सुरू होतें म्हणून १७२४ च्या ग्रीष्मापर्यंत तोच सन चालतो, आणि तेव्हां कान्होजी हयात होता. दोन वाक्यांत श्रोत्याच्या हातीं एक किल्ली येते. मृगसाल शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

कानाच्या कांहीं खऱ्या अडचणीहि आहेत, आणि त्यांकडे दुर्लक्ष होतें. ह्या घराण्यांत कान्होजी दोन, मानाजी दोन, रघूजी दोन. संभाजी आंग्रे ज्या काळीं विजयदुर्गास होता त्याच काळीं कोल्हापुरास संभाजी छत्रपति होते. छापील पानावर वाचक मागें उलटून पाहतो. ऐकणारास मागें जाण्याचा मार्ग गैरसोयीचा असतो, म्हणून प्रत्येक वेळीं नांवामागें बाप व ठिकाण लावणें अगत्याचें. त्याहून मोठा घोंटाळा खुद्द ‘कुलाबा’ ह्या शब्दाचा. मुंबईच्या टोंकास एक कुलाबा, अलिबागेसमोर समुद्रांत दुसरा. पहिला इंग्रजांच्या ताब्यांत, दुसऱ्यावर इंग्रज चालून गेले. १९८१ पूर्वींचा जिल्हा ज्यांस आठवत नाहीं असे तरुण श्रोते ‘इंग्रजांनीं कुलाब्यावर हल्ला केला’ हें वाक्य ऐकून काय समजत असतील तें देवास ठाऊक. गांवांच्या नांवांपुढील बुद्रुक-खुर्दाचीहि तीच गत. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरला. तें नुसतें शेपूट समजून गाळलें कीं दप्तरांतील गांव हातचा जातो.

बोललेल्या शब्दास चिरस्थायित्व कसें येतें याचा दाखला गागोद्याच्याच सुपुत्राचा आहे. विनोबांनीं १९३२ त धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर जीं प्रवचनें दिलीं तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, म्हणून आज तीं ग्रंथरूपानें आहेत. तेथें ध्वनि सांठविणारें यंत्र नव्हतें. लिहिणारा श्रोता होता. आज यंत्र आहे आणि लिहिणारा नाहीं. ध्वनीच्या ह्या मालिकांचें शब्दशः लेखन करून कोणी ठेवीत असल्यास तें अपवादानें. त्यामुळें एखादें विधान चुकलें तर तें कोठें आहे हें दाखविणें कठीण, आणि शुद्धिपत्र जोडण्यास पान नाहीं. पुढल्या भागांत दुरुस्ती सांगितली तरी मागला भाग ऐकलेल्यांपैकीं किती जणांच्या कानीं ती पडते?

हा प्रश्न केवळ पद्धतीचा राहिलेला नाहीं, कारण त्यांत कागद गुंतले आहेत. पेण, रोहें, अष्टमी, पाली, नागोठणें ह्या बाजूच्या जुन्या घरांतून अजून मोडीचे रुमाल असण्याचा संभव मोठा आहे. ज्या घरीं पूर्वीं संशोधक जात असे त्या घरीं आतां निवेदकहि जातील, आणि घरवाल्यांस आपल्या पूर्वजांचें नांव सर्वत्र ऐकूं येईल ह्याचा साहजिक मोह पडेल. कागदाचें छायाचित्र घेतलें जाईल, त्यांतलें एक चटकदार वाक्य सांगितलें जाईल, आणि मिति, शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर, पाठीवरची नोंद, सर्व तसेंच राहील. मग दुसरा संशोधक गेला तर ‘तें प्रसिद्ध झालें’ असें उत्तर मिळेल. प्रसिद्ध झालें म्हणजे वाचलें गेलें असें नव्हे, हें रुमालवाल्या कुटुंबांस समजावून सांगण्याचें काम संग्राहकांचें आहे. कागद ध्वनीसाठीं देण्यास हरकत नसावी; मात्र देण्यापूर्वीं त्याचें संपूर्ण बाळबोध लिप्यंतर मितीसह करून एक प्रत एखाद्या संशोधन-संस्थेच्या दप्तरीं ठेवावी, आणि निवेदकानें कागदाचा उल्लेख त्या प्रतीच्या क्रमांकानें करावा, इतकी अट घालून घ्यावी. विशेषतः १८३८ ते १८४० ह्या दोन वर्षांतील कागद कोणाकडे असतील तर ते आधीं पहावयास हवेत. अर्ज, त्यांचे मसुदे, नेमणुकांच्या यादी, खालसानंतर बंद झालेल्या इनामांच्या तक्रारी, असा हा माल दिसावयास रुक्ष असतो व रुमालांत बहुधा तळाशीं असतो.